सख्ख्या भावालासुद्धा

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन लांब बाकं, एक पंखा आणि डॉक्टरांच्या दाराला चिकटून एक स्टूल. स्टुलावर काका. त्यांच्या डोक्यामागे खिळ्यांवर पितळी बिल्ले टांगलेले, प्रत्येकावर आकडा ठोकलेला. आलेल्याने बिल्ला घ्यायचा, बसायचं आणि आकडा पुकारला की आत जायचं. काम एवढंच. पण हे एवढंसं काम काकांनी अशा निष्ठेने केलं होतं, की त्यांचं खरं नाव बायको आणि पोस्टमन सोडून कुणालाच आठवत नसे. सगळ्यांचे ते बिल्लेकाका.

त्यातला सात नंबरचा बिल्ला कुणीतरी कधीकाळी खिशात घालून घरी नेला होता. तेव्हापासून सहानंतर आठ. नव्या माणसाला वाटायचं, सात नंबर वशिल्यासाठी राखून ठेवलाय. काका त्याला रिकामा खिळा दाखवायचे. त्याने त्याचा संशय आणखी पक्का व्हायचा.

रांग मोडायला निघालेल्या माणसाची बुद्धी फार चालते. "नुसतं विचारायचंय" हा सगळ्यांत जुना प्रकार. त्याच्या खालोखाल गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाया. त्या सगळ्या खरं बोलत असत्या तर गल्लीतली गटारं पांढरी वाहिली असती. एका गृहस्थांना बाकावर बसल्याबसल्या घेरी यायची, पण पडण्याआधी ते चष्मा काढून खिशात ठेवायचे. काका त्यांना पाणी द्यायचे, वारा घालायचे आणि शुद्धीवर आले की त्यांचा बिल्ला त्यांच्या हातात परत द्यायचे. डॉक्टरांच्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांनाही काकांनी बाकाची जागा दाखवली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले, त्यांनी सासूबाईंच्या हातातला बिल्ला पाहिला आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवत ते परत आत गेले.

काका दगड नव्हते. कुणाचं रक्त वाहत असलं, कुणाचं पोर श्वासासाठी तडफडत असलं, तर ते स्वतः उठून दार उघडायचे. पण दार कुणासाठी उघडायचं ते ठरवणार काका. आणि खरं सांगायचं, तर हे ठरवायला त्यांना आवडायचं. घरी बायको म्हणायची, "तुमच्याकडून एक चांगला शब्द ऐकायचा तर आधी बिल्ला घ्यावा लागेल." काका हसायचे. त्यांना ते कौतुक वाटायचं.

एका सकाळी दादा आला. दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ, सख्खा, पलीकडच्या रस्त्यावर राहणारा. पित्त झालंय, खांदाही धरलाय, म्हणाला. काकांनी खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि त्याच्या हातात ठेवला. चौदा नंबर. आत पाचवा चालला होता.

दादाने बिल्ला उलटासुलटा करून पाहिला आणि बाकावरच्या मंडळींना सांगायला सुरुवात केली. या माणसाला सायकल मी शिकवली. नदीत बुडत होता तेव्हा केसांना धरून बाहेर काढला, त्या वेळी याने नंबर विचारला नाही. लहानपणी नळावर याने आमच्या आईची बादली मागे सरकवली होती, कारण शेजारीण आधी आली होती. आईने याला त्याच बादलीने धुतला. लोक हसले. दादाला गोष्ट सांगता यायची. दवाखान्यात त्या दिवशी लग्नघरासारखी मजा होती.

आपली गोष्ट ऐकत काका स्टुलावर ताठ बसले होते. आता दादा म्हणणार, "सोड की रे आत." त्यावर काय म्हणायचं तेही त्यांनी जुळवून ठेवलं होतं. छान वाक्य होतं. लोकांनी ते घरी नेऊन सांगितलं असतं. पण दादा ते म्हणालाच नाही. काका वाट पाहत राहिले, लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले. दादाच्या कपाळावर घाम आलेला त्यांना दिसला. पंखा हळू फिरतोय, असं त्यांच्या मनात आलं.

चौदा नंबर आत गेला आणि लगेच डॉक्टर स्वतः बाहेर आले, गाडी बघा म्हणाले. दादाला मोठ्या इस्पितळात नेलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की तेवढ्या वेळाने काही फरक पडला नसता. ते खरं असेलही. पण काका त्या दाराला चिकटून इतकी वर्षं बसले होते. हेच वाक्य याच आवाजात डॉक्टर माणसामाणसाला सांगतात, हे त्यांनी दाराआडून किती वेळा ऐकलं होतं. त्यामुळे त्यांना त्या वाक्याचं काय करायचं ते कळेना.

रडू काही आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही. चाचपून बघावं तर बोटाला कळतं, गालाला कळत नाही. तसं काहीतरी झालं होतं. काका जेवायचे, दाढी करायचे, वेळेवर दवाखान्यात जायचे. ते कामावर परत आले त्याच दिवशी चौदा नंबरचा बिल्ला कुणाच्या तरी खोकल्याबरोबर आत गेला, आणि काकांनी तो नेहमीच्या आवाजात पुकारला. आवाज कापेल म्हणून ते आधीच खाकरले होते. उगाच खाकरले.

मग एक विचित्र गोष्ट झाली. काम सोपं झालं.

सुरुवात समोरच्या औषधवाल्याने केली. कुणी रांगेत घुसायला पाहिलं की तो दुकानातूनच सांगायचा, की बाबा रे, त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा सोडलं नाही, तू कोण लागून गेलास. ही गोष्ट गल्लीत फिरली आणि फिरता फिरता बाळसं धरत गेली. आधी भावाने विनंती केली. मग हात जोडले. पुढे तो छाती धरून पायाशी बसला, आणि काका म्हणाले, "नंबराने ये." लोक हे आदराने सांगायचे. दूध उतू जायचं थांबलं. घेरीवाले गृहस्थ चष्मा घालून सरळ बसू लागले. नुसतं विचारायचं कुणालाच उरलं नाही. दवाखान्यात एवढी शिस्त कधीच नव्हती. डॉक्टरही एकदा तसं म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली.

काकांनी ती गोष्ट कधी खोडली नाही. काय खोडायचं? बिल्ला त्यांनीच दिला होता. भाऊ बसला होता. भाऊ गेला होता. उरलं काय, तर हात जोडले की नाही एवढंच. रिकाम्या वेळी मात्र ते मनातल्या मनात दादाला पुन्हा बाकावर बसवायचे आणि त्याला विचारायला लावायचे, "सोड की रे." मनातसुद्धा उत्तर एक नव्हतं. कधी ते उठून दार उघडायचे, कधी ते छान वाक्य टाकायचे. आपण नक्की कोणता माणूस, हे या वयात माहीत नसावं, याचंही त्यांना फारसं काही वाटेनासं झालं होतं.

भीती होती ती एकाच माणसाची. वहिनीची. दादाची बायको त्यांना काही बोलली नव्हती. भेटली की खोकला कसा आहे विचारायची, गुडघ्याला काय लावता विचारायची. ओरडली असती तर बरं, असं काकांना वाटायचं. आणि वाटायचं, की गल्लीभर फिरणारी ती गोष्ट एक ना एक दिवस तिच्या कानावर जाणार.

वहिनी दवाखान्यात आली ती रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. काका उठून उभे राहिले. तिने हात पुढे केला. काकांनी खिळ्यावरचा बिल्ला काढून दिला. ती खिडकीजवळच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसली. खोली भरलेली होती. तिला तिथे कुणी ओळखत नव्हतं.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आले, बोटाभोवती गाडीच्या किल्ल्या फिरवत. मीटिंग आहे, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाले. काका काही बोलायच्या आत बाकावरचे एक मफलरवाले आजोबा सरसावले. ते दवाखान्याचे जुने गिऱ्हाईक. त्यांना बरं व्हायची घाई कधीच नसायची. त्यांनी किल्लीवाल्याला ती गोष्ट सांगायला घेतली आणि चांगली रंगवली. भाऊ पायावर डोकं ठेवून रडला. भावाची बायको या इथे, दारात, पदर पसरून उभी. म्हणत होती, माझ्या कुंकवाकडे बघा. पण काका हलले नाहीत. आजोबांचे डोळे पाणावले होते. किल्ल्या फिरायच्या थांबल्या.

वहिनी त्या दिवशी दारात नव्हतीच. ती घरी होती. तिला इस्पितळातून निरोप आला होता.

तिने वर पाहिलं. रागाने नाही. पुढे काय होतं ते पाहावं तसं पाहिलं. काकांच्या लक्षात आलं, की आपण आता गप्प बसलो तर या खोलीत दादा कायमचा पायावर डोकं ठेवून रडत राहणार. आणि तिच्यादेखत.

"तसं नाही झालं," काका म्हणाले.

आजोबा म्हणाले, "बघा, केवढा विनय."

"विनय नाही हो. तो पाया पडला नाही, रडला नाही. त्याने मागितलंच नाही. बिल्ला घेऊन बसला होता, इथल्या लोकांना हसवत होता. मी कुणाला अडवलं नाही. मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही."

आजोबांनी मफलर सारखा केला. चांगली घडवलेली गोष्ट अशी हातातून काढून घेतली तर माणसाने करावं काय? मग किल्लीवाल्याने डोकं चालवलं.

"म्हणजे भावाला अडवलं नव्हतंत. मग मला सोडायला काय हरकत आहे?"

आणि बांध फुटला. एका बाईला गॅस आठवला. कोपऱ्यातल्याला नुसतं विचारायचं होतं. काकांच्या हातात आता कुठलीच गोष्ट उरली नव्हती, तेव्हा ते पूर्वीसारखे एकेकाशी हुज्जत घालत बसले. त्यात त्यांचा घसा बसला, आणि किल्लीवाला शेवटी बिल्ला घेऊन पाय आपटत बसला.

वहिनीचा नंबर आला. ती आत गेली, बाहेर आली. चिठ्ठी पिशवीत ठेवत स्टुलापाशी थांबली.

"भावोजी, त्यांनी मागितलं असतं, तर सोडलं असतंत?"

काकांनी पुष्कळ शोधलं. "माहीत नाही, वहिनी."

तिने मान हलवली. "निघताना म्हणत होते, आज बरं वाटत नाही, धाकट्याला सांगून बघू का, आधी सोड म्हणून. मग चप्पल घालता घालता स्वतःच म्हणाले, नको. चारचौघांत त्याची पंचाईत होईल."

आता तरी रडू येईल असं काकांना वाटलं. काही झालं नाही.

"या गोळ्या जेवणाआधी की नंतर?" वहिनीने विचारलं.

"नंतर."

"येते मग. घरी या दोघं. किती दिवसांत आला नाहीत."

ती गेली. दारातून एक मध्यमवयीन माणूस आत आला. बिल्ला द्यायला काकांचा हात सवयीने खिळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळ घामाने भिजलेलं होतं, श्वास लागला होता. काकांनी काही विचारलं नाही. त्याला दंडाला धरलं, दार उघडलं आणि आत नेऊन बसवलं.

मिनिटभरात तो बाहेर आला, मागोमाग डॉक्टर. त्या माणसाला नुसती खरूज होती. लवकर नंबर लागावा म्हणून तो कोपऱ्यापासून पळत आला होता.

मग खोलीने काकांना जे धारेवर धरलं, त्याला तोड नव्हती. किल्लीवाला म्हणाला, ओळखीतला दिसतोय. गॅसवाली बाई म्हणाली, इथेही हेच चालतं तर, उगाच नाव ऐकून होतो. मफलरवाल्या आजोबांनी तर, या माणसाला मी पहिल्यापासून ओळखून होतो, असं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत पक्षपाती हा शब्द काका पहिल्यांदाच स्वतःबद्दल ऐकत होते. उत्तर देणं सोपं होतं, पण त्यांनी दिलं नाही. खरजेवाल्या माणसाला बाकावर जागा करून दिली आणि पुढच्या माणसाला बिल्ला द्यायच्या आधी त्याच्याही तोंडाकडे पाहिलं.

"काय बघताय एवढं?" तो म्हणाला.

"काही नाही," काका म्हणाले. "बसा."