दोस्ताची रायफल

पेणहून कोणी आलं की जनूभाऊ त्याला आधी पाणी देत, बसायला सांगत आणि मग हळूच विचारत, "आमचा विष्णू दिसला का कुठं?" रोह्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी मलाही त्यांनी हेच विचारलं. पेणला मी नुसती एस.टी. बदलली होती. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग कुबडी काखेत घेऊन ते आत गेले आणि माझ्यासाठी चहा टाकला.

त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलेला होता. मूळचे निडीकडचे, भातशेती करणारे. पाय गेल्यावर शेत धाकट्या भावाकडे सोपवून ते बायकोसह रोह्यात आले. पुढे बायकोही तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. ओटीवर बसून ते लोकांच्या बाजा विणून देत. संध्याकाळी मी आलो की त्यांचे पहिले दोन-चार शब्द घशात अडकत, खरखरत बाहेर पडत. दिवसभरात ते कोणाशी बोललेले नाहीत, हे मला तेवढ्यावरून कळायचं.

थंडीत त्यांचा पाय ठणके. मी तेल लावून पट्टी बांधून देई, तेव्हा ते विष्णूबद्दल बोलत. तो कासूचा. दोघांची शाळेपासूनची दोस्ती. शिकारीवर बंदी येण्याआधीची गोष्ट. रानडुकरं तयार भात लोळवून टाकत, म्हणून विष्णूने परवाना काढला आणि एका म्हाताऱ्या जमीनदाराकडून जुनी बोल्टची, म्हणजे मागचा दांडा ओढून काडतूस भरायची, रायफल घेतली. तिच्यावर त्याचा भारी जीव. एकदा ती रिकामी असताना बोल्ट बंद करताच, चाप न ओढता, आत आपोआप टक् झालं. "म्हातारी खोकली," असं विष्णू म्हणाला आणि दोघेही पोट धरून हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, डुक्कर न मिळताच दोघे परतत होते. ओढ्याकाठी विष्णू रायफल रिकामी करायला थांबला. त्या रायफलीचा बोल्ट उघडायचा तर आधी सेफ्टीची कळ सरकवावी लागे. त्याने अंगठ्याने कळ सरकवली आणि गोळी सुटली. जनूभाऊ दोन हातांवर उभे होते. गोळी त्यांच्या गुडघ्यातून गेली.

"चापाला त्याचं बोट नव्हतं," जनूभाऊ दर वेळी इथे थांबून सांगत. "माझ्या डोळ्यांनी बघितलं हाय."

विष्णूने त्यांना पाठीवर घेऊन रस्ता गाठला, ट्रक थांबवला, इस्पितळात नेलं. पाय कापेपर्यंत तो बाहेर बसून होता. कापल्यावर उठून गेला तो पुन्हा कधी आला नाही. पोलिसांना त्याने सांगितलं की चूक माझी, चाप माझ्याच हातून ओढला गेला. जनूभाऊंनी जबाबात खरं ते सांगितलं, पण दोस्ताला वाचवायला बघतोय असंच सगळ्यांना वाटलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं, रायफल मात्र पोलिसांकडेच राहिली. विष्णू गाव सोडून पेणला गेला आणि एका भाताच्या गिरणीत लागला.

मी रोह्यात असतानाच एकदा पोलीस ठाण्यातला हवालदार दवाखान्यात आला. ठाण्यात पडून असलेली जुनी हत्यारं मोडीत काढण्याआधी अलिबागहून आलेल्या हत्यारांच्या जाणकाराने तपासली होती. त्यात ती रायफलही होती. तिचा आतला खटका झिजला होता. काडतूस न भरता सेफ्टी लावून कळ परत सरकवली की चापाला हात न लावताच टक् होई. त्याने दोनदा करून दाखवलं, असं हवालदार म्हणाला.

मी हे सांगितलं तेव्हा जनूभाऊंनी विणायची दोरी हातातून खाली ठेवली. "उद्या पेणला जायचं," एवढंच म्हणाले.

विष्णूचं घर गिरणीच्या मागेच होतं. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा तो दारात बसला होता. कुबडी बघताच तो उठला आणि घरातून मागच्या परसात निघून गेला. त्याच्या बायकोने आम्हाला बसवलं, चहा दिला. जेवताना जनूभाऊंचं नाव निघालं तरी हे ताटावरून उठतात, असं तिने डोळ्यांना पदर लावत सांगितलं.

जनूभाऊंनी मग सगळी हकीकत तिला सांगितली, पण आवाज चढवून, परसात ऐकू जाईल असा. शेवटी म्हणाले, "विष्णू, पाय गेला त्याचं मला काय नाय. तू आला नायस, त्याचं हाय."

कुडाच्या पलीकडून विष्णूचा आवाज आला. "चापाला बोट नव्हतं, ते मला पयल्यापासून ठाऊक हाय, जनू. पण नळी तुझ्याकडं मीच धरली होती. ती बंदुकीनं नाय धरली."

जनूभाऊ कुबडी टेकत कुडाजवळ गेले. "बरं, धरलीस," ते हळू म्हणाले. "आता बाहेर ये."

तो आला नाही. आम्ही शेवटच्या एस.टी.पर्यंत वाट पाहिली.

वडखळपर्यंत जनूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "त्याचं खरं हाय, कंपाउंडर. पण त्याचं खरं तो घेऊन बसला, माझं मी घेऊन बसलो. बोलायला कोणच नाय उरलं."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. जनूभाऊ गेल्याचं मला उशिरा कळलं. निडीला त्यांच्या भावाला भेटायला गेलो तेव्हा विष्णू आला होता का, ते विचारलं. भाऊ म्हणाला, एक माणूस स्मशानाबाहेर रस्त्यावर उभा होता. सगळे परतल्यावर तो आत गेला. सरण विझत आलं तरी तो तिथेच बसून होता. सारखा काहीतरी बोलत होता, एवढं लांबून दिसत होतं. काय बोलत होता, ते कोणाला ऐकू आलं नाही.