बाराच्या आधीची हजेरी

पेनाचं टोपण ती दातांत धरायची. चहा पूर्ण निवला की मग प्यायची आणि गार झाला म्हणून तोंड वाकडं करायची. जिना चढताना पायऱ्या मोजायची. मधे कोणी बोललं तर तिथूनच पुन्हा एकपासून सुरू. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची, चौथ्यांदा ओढायची ते मला हसवायला. खऱ्या खुनांच्या हकिकतींचं पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी उघडायची. "पकडला गेला एवढं कळू दे," म्हणायची, "मग निवांत घाबरते."

सगळे तिला हजेरीताई म्हणत. मी नुसतं ताई म्हणायचे.

आमची लाँड्री मोठी होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाड्या भरून यायच्या, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून परत जायच्या. दीडशे माणसं कामाला. दाराजवळच्या खोलीला एक खिडकी होती. तिच्या आत ताई एकोणीस वर्षं मस्टर घेऊन बसत होती. त्याच खोलीत दुसऱ्या टेबलाशी मी. साहित्याची पदवी घेतल्यावर हरवलेल्या अभ्र्यांची माफीपत्रं लिहायची नोकरी मला मिळाली होती. ताई म्हणायची, "अगं, तुझी पत्रं वाचून गिऱ्हाईक रडतं. जरा कमी शिकली असतीस तर बरं झालं असतं."

आठ दहानंतर येणाऱ्याचा अर्धा दिवस कापायचा, असा नियम होता. पण मस्टर वर मॅनेजरकडे जायचं बाराला. मधल्या वेळात जो येईल त्याच्या चौकटीत ताई खूण करायची. आठला आलेल्याची असते तीच. कुणाचं मूल आजारी, कुणाची बस चुकलेली. "बाराच्या आधी आला ना? मग आला," ती म्हणायची. यातून कुणाचं वाईट झालेलं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

शहरात दोन वर्षांत तीन बायकांचे खून झाले होते. तिघीही एकट्या राहणाऱ्या. तिन्ही खून कामाच्या दिवशी, सकाळी नऊ ते अकराच्या मधे. दार कुठेच फोडलेलं नव्हतं. ताई यातलं एकूण एक अक्षर वाचायची. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताशी, कात्रणं दुसऱ्या.

"जेवताना तरी प्रेतं बाजूला ठेव," मी म्हणायचे. "तू स्वतः एकटी राहतेस. कशाला वाचतेस हे?"

"म्हणूनच वाचते. त्याला माझी माहिती असेल, तर मला त्याची नको?"

एका मंगळवारी चौथा खून झाला. निवृत्त शिक्षिका. या वेळी एका वर्तमानपत्राने आतापर्यंत बाहेर न आलेली गोष्ट छापली. खून झाल्यावर तो माणूस कपाटातल्या सगळ्या चादरी बाहेर काढायचा आणि नव्याने घडी घालून ठेवायचा. कडा आत, तीन पदरी, शिवण दिसणार नाही अशी. वर्तमानपत्राने त्याला नाव दिलं, घडीवाला.

ताई मला ते मोठ्याने वाचून दाखवत होती. मधेच थांबली. ती आमची घडी होती.

एक दिवस थट्टेत गेला. घडीच्या टेबलावरची बारा माणसं एकमेकांना चिडवत होती.

"तू नसशील बाबा. तुझी घडी बघून पोलीसच सोडून देतील."

"मग पट्टीच."

पट्टी म्हणजे त्यांच्यातला सर्वांत चांगला कारागीर. त्याची चादर मोजपट्टी लावली तरी सरळच भरायची, म्हणून पट्टी. चाळिशीचा, कमी बोलणारा. तोही हसला.

शुक्रवारी इन्स्पेक्टर आले. त्यांनी चार तारखा दिल्या. ताईने चार महिन्यांची मस्टरं काढून टेबलावर उघडली. चारही दिवशी बाराच्या बारा हजर.

"आठ वाजल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"खूण आहे ना साहेब."

"म्हणजे आठपासून."

"मस्टर खोटं बोलत नाही," ताई म्हणाली आणि जबाबावर सही केली.

आपण खोटं बोललो हे तिच्या मनातही आलं नाही. एकोणीस वर्षांत ती खूण तिच्यापुरती खरी झाली होती. दिवसभर ती खुशीत होती. आपली माणसं सुटली म्हणून.

सोमवारी ती रजेचे जुने अर्ज फायलीला लावत होती. त्यातला एक तिने माझ्यापुढे धरला.

"हे तुझं अक्षर ना?"

"हो. पट्टीला लिहून दिला होता. गेल्या वर्षी त्याची आई गेली तेव्हा."

ताई अर्जाकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "गेल्या मंगळवारी तो पावणेबाराला आला. केस ओले होते, भांग नीट पाडलेला. म्हणाला, आईला दवाखान्यात नेलं होतं."

अर्ज खाली ठेवून म्हणाली, "मी खूण केली."

पुस्तकातलं घाबरणं ती मजेत घाबरायची. हे तसं नव्हतं. हातातलं पेन ठेवायला तिला टेबलावर जागा सापडत नव्हती.

"आत्ता फोन कर," मी म्हणाले.

"काय सांगू? माझ्या शब्दावर एका माणसाला फासावर द्या, आणि शुक्रवारी दिलेला माझाच शब्द खोटा होता?"

"निदान मंगळवारचं सांग."

"बाकीच्या तीन दिवसांचं विचारतील. वकील विचारेल, बाई, आज तरी खरं बोलताय कशावरून? नोकरी जाईल ती जाऊ दे. पण तो सुटला तर कुठे येईल, सांग ना? आणि गप्प बसले तर पाचवी."



तिने एक कोरं पान घेतलं. त्यावर चारही तारखा लिहिल्या, प्रत्येकीखाली जागा सोडली. प्रत्येक दिवशी पट्टी खरंच किती वाजता आला हे आठवून लिहायचं, चारही पूर्ण झाले की ठाण्यात जायचं, असं तिने ठरवलं.

मंगळवारचं लगेच लिहून झालं. नोव्हेंबरचा दिवस दुसऱ्या दिवशी दुपारी आठवला. त्या दिवशी बॉयलर बंद पडला होता, सगळे आवारात उभे होते. दहाला मॅनेजरने डोकी मोजली तर एक कमी. "मीच ओरडून सांगितलं, पट्टी संडासात असेल म्हणून." जूनचा दिवस तर लिहिता लिहिता समोर आला. तिचं जुनं पेन गळायचं. साडेअकराला आलेल्या पट्टीने खिडकीतून नवं पेन आत सरकवलं होतं. घ्या ताई, तुमचे हात निळे होतात. त्याच पेनाने ती हे लिहीत होती. तिने ते एकदम सोडलं. मी ते टोपलीत टाकायला उचललं.

"टाकू नकोस," ती म्हणाली. "पुरावा आहे." मग आपणच हसली, आणि ते हसणं ऐकून मला जास्त भीती वाटली.

मार्चचा दिवस आठवेना. तो पहिला खून. शिवणकाम करणारी बाई. मुलगी लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहणारी. ताई ते मस्टर उघडून बसायची आणि पट्टीच्या चौकटीवर बोट ठेवायची.

"मला खूण दिसते गं. माणूस दिसत नाही."

"तीन पुरेत, ताई. जा तू."

"आणि ती शिवणकामवाली? तिला सोडून देऊ?"

बुधवारी सकाळी पट्टी वेळेवर आला. ताईने खूण केली तरी तो खिडकीपासून हलला नाही.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग ना."

"तुमची ती निळी चादर. दोरीवर लांबीत दुमडून घालता तुम्ही. मधे रेघ पडते."

"हो का."

"रुंदीत दुमडत जा." तो कामाला निघून गेला.

ताईने त्याला आपलं घर कधी सांगितलं नव्हतं. तिची दोरी तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. ती फक्त मागच्या बोळातून दिसते. तीही मान वर करून उभं राहिलं तर.

तिने मस्टर मिटलं. "उद्या जाते," म्हणाली. "तीन तर तीन." संध्याकाळी ती घरी न जाता माझ्याबरोबर आली. माझ्या टेबलाशी बसून तिने तीन दिवसांची स्वच्छ नक्कल केली, आणि मूळ पान माझ्याकडे ठेवलं. मार्चचं आठवलं तर पुढे लिहीन म्हणाली.

गुरुवारी ती बसने ठाण्याकडे गेली आणि मी खिडकीत बसले. आठला सगळे आले. घडीच्या टेबलावरचे अकरा. पट्टी नव्हता.

मी ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. माझ्यासमोर रांग होती, कोणी म्हणत होतं, अहो बाई, माझी खूण कुठे केलीत, ती वरच्या ओळीत गेली. मला ओळी दिसत नव्हत्या. तो ठाण्याच्या बसमध्ये तिच्या मागे बसला असेल असंच मला दिसत होतं. नऊ वाजले. दहा वाजले. फोन वाजून बंद होत होता.

अकरा पस्तीसला तो आला. केस ओले, भांग नीट. हातात आमच्या लाँड्रीची कापडी पिशवी.

"ताई नाहीत?"

"नाहीत."

"घरीही नाहीत," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. मस्टरवर त्याची चौकट रिकामी होती. खिडकीतून त्याचं बोट आत आलं आणि त्या चौकटीशेजारी टेकलं. नख स्वच्छ कापलेलं होतं.

"बाराच्या आधी आलोय," तो म्हणाला.

माझ्या हातात पेन होतं. ते मी धरून ठेवलं, इतकंच. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बोट मागे गेलं आणि तो आत जाऊन कामाला लागला.

दुपारी दोनला पोलिसांनी त्याला घडीच्या टेबलावरून नेलं. ताई सकाळपासून ठाण्यात होती, फोन त्यांनी बाहेर ठेवून घेतला होता. तिच्या शेजारणीने नंतर सांगितलं, साडेनऊला एक माणूस दार वाजवत होता. लाँड्रीतून कपडे आणलेत म्हणाला. सभ्य होता. ती बाहेर गेली असेल, असं शेजारणीने त्याला सांगितलं. नंतर या नाहीतर माझ्याकडे ठेवा, असंही म्हणाली. तो थँक्यू म्हणून गेला.

मॅनेजरने ताईला काढलं. खोटी हजेरी हे कारण कागदावर आहे, आणि ते खरं आहे. तिचा भाऊ येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला. वहिनी सांगते, बेल वाजली की त्या अजून आतल्या खोलीत जाऊन बसतात. लाँड्रीवाला, दूधवाला, कोणीही असो. पुस्तकं वाचत नाहीत.

तीन खुनांचा खटला उभा राहिला. मार्चच्या खुनाबद्दल पट्टी म्हणतो, मी त्या दिवशी आठपासून कामावर होतो, मस्टर बघा. मस्टरमध्ये खूण आहे. सही केलेला जबाब आहे.

शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी दोनदा आमच्या खोलीत येऊन बसली. फार बोलली नाही. "त्यांना काही आठवलं का?" एवढंच. मी ताईला फोन केला. म्हणाले, ताई, तो त्या दिवशी उशिराच आला असणार, आपल्या दोघींना माहीत आहे.

"माहीत आहे आणि आठवतंय, हे वेगळं," ती म्हणाली. "मी काहीतरी लिहून टाकू? एकदा ते केलंय ना मी."

पान माझ्या खणात आहे. तीन तारखांखाली तिचं बारीक, सरळ अक्षर. मार्चच्या तारखेखाली तिने सुरुवात केली होती. 'त्या दिवशी पट्टी' असं लिहिलं आहे. पुढे जागा सोडलेली आहे.