दाजींचे राखीव प्रोसेसर

हातचं राखून ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या दाजींसारखा राखणदार मी तरी दुसरा पाहिला नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. नल्लकुंट्याच्या त्यांच्या घरात नवा कुकर खोक्यात असतो आणि शिट्टी हरवलेला जुना गॅसवर. नव्या चपला कपाटात जातात आणि जुन्यांनाच पुन्हा टाके पडतात. आईने लग्नात दिलेली मखमली रजई तर प्लॅस्टिकसकट माळ्यावर. थंडीत ताई दोन चादरी एकावर एक घेते, कारण रजई पाहुण्यांसाठी. आणि मी पाहुणी म्हणून गेले, की मलाही चादरच मिळते.

हे घरापुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण माझ्या नशिबाने आम्ही दोघं मलकपेठेतल्या एकाच खासगी दवाखान्यात नोकरीला. मी नोंदणीच्या खिडकीवर आणि दाजी आतल्या थंडगार खोलीत, सर्व्हर सांभाळायला. त्या सर्व्हरमधले निम्मे प्रोसेसर बसवलेले असूनही एरवी बंद असतात. गर्दीच्या दिवशी परवान्याचा कोड टाकला की तेही कामाला लागतात. असे काही दिवस दवाखान्याने आगाऊ घेऊन ठेवलेत; कोड टाकला की त्यातला एक संपतो. संपतो म्हटल्यावर दाजी तो कशाला टाकतायत! पावसाळ्यात तापाच्या पेशंटची रांग फाटकाबाहेर जाते, माझ्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतं आणि लोक काचेवर टकटक करतात, "क्या मॅडम, मशीन सो गई क्या?" मी तणतणत आत जावं, तर दाजी निवांत डबा खातायत.

"कायको गडबड करायलीस? ही काय गर्दी हाय? खरी वेळ आली की टाकू की!"

गेल्या पावसाळ्यात ताईच तापाने फणफणून आली. मी तिला पुढे घेऊ लागले, तर म्हणाली, "नको गं, ह्यांना रांग मोडलेली चालत नाही." पडद्यावरचं चक्र काही थांबेना. उभं राहवेना तशी ती भिंतीला टेकून खाली बसली. दाजी बाटली भरायला बाहेर आले आणि त्यांना ती दिसली. बाटली तिथेच ठेवून ते आत वळले. थोड्याच वेळात माझा पडदा असा पळू लागला की मलाच नावं विचारायला दम पुरेना. ताईचा नंबर रांगेतल्या क्रमानेच लागला, पण लवकर लागला.

संध्याकाळी मी घरी गेले, तर दाजी स्टुलावर चढून रजई काढत होते. त्यांनी प्लॅस्टिक फाडलं आणि रजई ताईच्या अंगावर पसरली. घडीघडीवर मखमल विरली होती, कापूस बाहेर आला होता. सकाळपासून एक खरमरीत वाक्य माझ्या जिभेवर होतं. दाजींचा चेहरा पाहिला आणि ते मी गिळून टाकलं. मला त्यांची फार दया आली.

"आधीच काढाया पाहिजे होती की गं," विरलेल्या जागेवरून हात फिरवत ते म्हणाले.

ताईने डोळे न उघडताच रजई हनुवटीपर्यंत ओढली. "असू द्या," ती म्हणाली, "ऊब हाय की अजून."