घाबरट क्वार्टरबॅक

माझ्या मोठ्या बहिणीने, शिल्पाताईने, तिच्या मुलाचे सामने कधी धड बघितलेच नाहीत. ती स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसायची, पण तोंड माझ्याकडे करून. समोर अमेरिकन फुटबॉल चालू असायचा, लोक ओरडत असायचे, आणि ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारायची, "उठला का गं?" मी म्हणायचे, "उठला." मग ती श्वास सोडायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

ताई अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे. लंडनच्या हॉस्पिटलमध्ये अपघातातल्या माणसांना भूल देण्यात तिचं आयुष्य गेलं. माणसाची मान किती नाजूक असते हे तिला आमच्यापेक्षा फार जास्त माहीत होतं, आणि तेच तिला छळायचं.

तिचा मुलगा नकुल लंडनच्या पिनर उपनगरात जन्मला, तिथेच वाढला. त्याचे बाबा, राजीव, जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. मी लंडनमध्येच ईलिंगला एकटी राहते, कौन्सिलच्या हाउसिंग डिपार्टमेंटमध्ये काम करते, त्यामुळे माझे वीकेंड कायम पिनरला. नकुलला मी अगदी जवळून वाढताना पाहिलंय. इतकं घाबरट मूल मी दुसरं पाहिलेलं नाही. समोरून कुत्रा आला की हा रस्ता क्रॉस करणार. शाळेत फायर ड्रिल आहे असं कळलं की सकाळपासून पोटात दुखणार. क्रिकेटमध्ये बॅट्समनच्या जवळ उभं राहायची भीती, म्हणून कायम बाउंड्रीवर. तिथून बॉल फेकून फेकून त्याचा हात मात्र असा तयार झाला की बघणारा थक्क व्हावा.

तो हात युनिव्हर्सिटीतल्या अमेरिकन फुटबॉल क्लबच्या कोचने पाहिला. वीर नावाचा मित्र नकुलला गंमत म्हणून ट्रायल्सना घेऊन गेला होता. वीर पहिल्याच आठवड्यात कंटाळून परत आला आणि नकुल तिथेच राहिला. क्वार्टरबॅक म्हणून.

क्वार्टरबॅक म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला बॉल त्याच्या हातात येतो. त्याच्यापुढे त्याच्याच टीमचे धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. भिंतीपलीकडून तसेच धिप्पाड गडी येतात, ते केवळ त्याला आडवं करायला. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याने लांब धावणाऱ्या आपल्या माणसाकडे बघून बॉल फेकायचा. म्हणजे अंगावर कोण येतंय तिकडे बघायचंच नाही. हे समजलं तेव्हा मी ताईला फोन केला. "आपला नकुल? हा खेळ?"

"मी काय बोलू, अनु," ताई म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कशाला तरी घाबरत नाहीये."

ते खरं नव्हतं. तो घाबरत होता, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. युनिव्हर्सिटीनंतर तो इथल्या नॅशनल लीगमध्ये खेळला. तिथे पैसे मिळत नाहीत, उलट किटचे आपणच भरायचे. मग जर्मनीतल्या एका प्रोफेशनल टीमने त्याला बोलावलं. युरोपातल्या क्लबना अमेरिकन खेळाडू मोजकेच ठेवता येतात, त्यामुळे चांगला हात असलेला ब्रिटिश क्वार्टरबॅक त्यांना हवाच होता. पहिलं वर्ष राखीव खेळाडू म्हणून बाकावर गेलं. दुसऱ्या वर्षी अमेरिकन क्वार्टरबॅकचा गुडघा गेला आणि नकुल मैदानात उतरला, तो पुढे उतरतच राहिला. कॉमेंट्री करणारे म्हणायचे, याच्याइतक्या पटकन बॉल सोडणारा युरोपात दुसरा नाही.

एकदा मी त्याला भेटायला जर्मनीला गेले होते. सामन्याआधी तो बराच वेळ बाथरूममध्ये होता. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"बरं नाही का रे?"

"उलटी झाला. प्रत्येक मॅचला होतो, मावशी." त्याचं मराठी घरातलं, पण जन्म इथला, त्यामुळे काय स्त्रीलिंगी आणि काय पुल्लिंगी यात कायम घोळ. "सगळे म्हणतात क्विक रिलीज, क्विक रिलीज. इट्स नॉट टॅलेंट. मला फक्त लवकर सुटायचं असतं."

हे आईला सांगू नकोस, असं तो म्हणाला. मी सांगितलं नाही, पण त्यानंतर स्टँडमध्ये "उठला" म्हणताना माझाही आवाज बारीक व्हायला लागला.

मग त्याची टीम युरोपियन स्पर्धेतल्या एका सामन्यासाठी इंग्लंडला आली. मैदान लंडनच्या बाहेरच, त्यामुळे पिनरहून आम्ही सगळेच गेलो. राजीव, ताई, मी आणि दिया. दिया म्हणजे नकुलची मैत्रीण, आता बायको. केंब्रिजला लॅबमध्ये रिसर्च करते. स्वच्छ ऊन पडलं होतं. शेजारच्या बाकावरची मुलं चिप्स खात होती. नकुल फार सुंदर खेळत होता.

दुसऱ्या हाफमध्ये त्याने बॉल घेतला, मागे सरकला आणि उजवीकडे बघायला लागला. डावीकडची भिंत फुटलेली मला दिसली. त्याला दिसली नाही. एक गडी पूर्ण वेगात मागून येऊन त्याला धडकला. नकुलचं डोकं खाली गेलं, हेल्मेटचा माथा दुसऱ्या एका खेळाडूच्या मांडीवर आदळला, आणि तो तोंडावर पडला.

"उठला का गं?" ताईने विचारलं.

बाकीचे उठले. नकुल पडला तसाच होता. एक हात अंगाखाली, दुसरा बाजूला, तळवा वर.

"अनु. उठला का?"

ताईने माझा चेहरा पाहिला आणि ती वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मैदानाकडे नीट पाहिलं. पुढच्या क्षणी ती पायऱ्या उतरत होती. सिक्युरिटीवाल्याने अडवलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "आय अ‍ॅम अ डॉक्टर. दॅट्स माय सन." त्याने वाट दिली. तिच्यामागून आम्हीही कठड्यापर्यंत पोचलो.

एक खेळाडू घाईघाईत नकुलचं हेल्मेट काढायला बघत होता. ताई ओरडली, "डोंट टच दॅट हेल्मेट!" असा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. मग ती गवतावर आडवी झाली, नकुलच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून. त्याची मान फिरता कामा नये, म्हणून तीच त्याच्या नजरेसमोर गेली. टीमच्या डॉक्टरने दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरलं होतं. पॅरामेडिक्स बोर्ड घेऊन धावत आले.

काय बोलणं झालं ते ताईने मला नंतर सांगितलं. नकुल शुद्धीवर होता. तो म्हणाला, "आई, माझा पाय कुठे आहे?"

"आहेत. दोन्ही आहेत."

"मला ते फील होत नाही. हात पण नाही."

पॅरामेडिक त्याचा अंगठा दाबत होता आणि विचारत होता, कळतंय का? नकुल विचारत होता, सुरू कधी करणार?

अँब्युलन्समध्ये ताई त्याच्याबरोबर गेली. आम्ही मागून गाडीने. राजीव गाडी चालवत होते. दिया माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बोटं दुखत होती, पण मला ते दुखणं बरं वाटत होतं. निदान कळत तरी होतं.

हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्याच्या हातापायांत जाळ उठला होता. तो किंचाळत होता. आणि ताई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडत होती. "दुखतंय त्याला, अनु," ती म्हणाली. "दुखतंय." मुलगा किंचाळतोय याचा तिला आनंद झाला होता, कारण दुखतंय म्हणजे जाणीव परत आली होती.

संध्याकाळपर्यंत त्याची बोटं हलली. दोन दिवसांनी तो वॉकर धरून उभा राहिला. मग सर्जन बाईंनी स्कॅन दाखवला. मणक्यातून मज्जारज्जू जातो ती जागा नकुलच्या मानेत जन्मापासूनच अरुंद होती. "इतकी वर्षं काही झालं नाही हे नशीब," त्या म्हणाल्या. "पुन्हा असा मार बसला तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित सगळंच जाईल. मी तुम्हाला खेळू नका असंच सांगेन."

घरी आल्यावर राजीव म्हणाले, "संपलं. आता नाही." आणि नकुलने महिन्याभराने, हातात ताकद परत आल्यावर, आम्हाला सांगितलं की कॅनडाच्या एका प्रोफेशनल टीमने त्याला वसंतातल्या कॅम्पला बोलावलंय. इंजरीच्या आधीच बोलणं झालं होतं. त्यांना त्याने स्कॅन पाठवला होता. त्यांचे डॉक्टर म्हणाले, रिस्क आहे, निर्णय तुझा.

"आणि तू काय ठरवलंस?" राजीवनी विचारलं.

"मी जाणार, बाबा. मी याच्यासाठीच सगळं केलं."

राजीव उठून बागेत निघून गेले. ताई भांडी घासत होती, ती घासतच राहिली. नकुल जिना उतरताना कठडा धरायचा. मी मागून हाक मारली तर दचकायचा. पण जाणार म्हणजे जाणार.

एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "मावशी, पार्कमध्ये येतेस? दिया बॉल पकडेल. तू फक्त माझ्याकडे धावत ये."

"मी? धावत?"

"डाव्या बाजूने. मागून. मी बॉल टाकेपर्यंत."

माझं वय छप्पन्न, उंची पाच फूट. अंगात रेनकोट, पायात रबरी वेलिंग्टन बूट, कारण गवत ओलं होतं. मी म्हटलं, लोक हसतील. तो हसला नाही. "प्लीज. दुसऱ्या कुणाला नाही विचारू शकत मी."

दिया लांब जाऊन उभी राहिली. आधी माझ्याशिवायच त्याने बॉल टाकले, आणि बॉल हवेतून असे सरळ जात होते की मला वाटलं, काही झालेलं नाही याला. मग त्याने मान हलवली. मी त्याच्या मागून, डावीकडून धावायला लागले. धावणं कसलं, बूट चिखलात फचफच वाजत होते.

नकुल दियाकडे बघत होता. माझी पावलं जवळ आली आणि त्याच्या हातातून बॉल गळून पडला. तो खाली बसला. नाही, बसला नाही, कोसळला, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात मानेवर. मी अजून त्याच्यापासून बरीच लांब होते. मी जागीच थांबले. कुत्रा फिरवणारा एक माणूस विचारायला लागला, "इज ही ऑल राइट?"

दिया धावत आली. नकुल थरथरत होता, थंडीने थरथरतात तसा.

"पुन्हा," तो म्हणाला.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. मला रडू येत होतं, पण तो म्हणेल तोवर धावायचं असं मी ठरवलं होतं. तिसऱ्यांदा मी निघाले तेव्हा त्याने बॉल हातात घेतलाच नाही. तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्यापर्यंत पोचले, धापा टाकत, आणि त्याने मला मिठी मारली.

"मावशी," तो म्हणाला, "मला भीती वाटतो."

"माहितीय रे."

"नाही, पहिल्यापासून वाटतो. तेव्हा भीतीने मी फास्ट व्हायचो. आता मी खाली पडतो."

घरी गेल्यावर तो सरळ किचनमध्ये गेला आणि आईला म्हणाला, "आई, मी नाही जात." ताईने हात पुसले. तिने त्याला जवळ घेतलं नाही, शाबासकी दिली नाही. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी ऐकलं ते. पुन्हा एकदा म्हण." त्याने पुन्हा म्हटलं.

कॅनडाला त्याने स्वतः फोन केला. जर्मनीच्या क्लबने निरोपाचा छोटा व्हिडिओ टाकला, त्याला भरपूर लाइक्स मिळाले, आणि पुढच्या सीझनला नवा क्वार्टरबॅक आला. एवढ्यावर करिअर संपलं. त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. तो ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, प्लॅटफॉर्मवर भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. गर्दीत कुणाचा खांदा लागला की घामाघूम. सायकॉलॉजिस्टकडे गेला, अजूनही जातो. दियाबरोबर केंब्रिजला राहायला गेला आणि तिथे खेळाडूंच्या दुखापतींचा डेटा बघणाऱ्या एका लहान कंपनीत कामाला लागला. शनिवारी मुलामुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवतो. त्यात कुणी कुणाला पाडत नाही, कमरेची पट्टी ओढायची असते. तो खेळत नाही, बाजूला उभा राहून शिकवतो. मी एकदा विचारलं, कधी खेळशील का? म्हणाला, "मे बी." मग म्हणाला, "प्रॉबॅबली नॉट."

या वसंतात दियाला मुलगी झाली. आर्या नाव ठेवलंय. आम्ही बघायला गेलो तेव्हा सगळ्यांनी नकुलची चेष्टा केली, क्वार्टरबॅकच्या हातातून बाळ थोडंच निसटणार! नकुल सोफ्याच्या कोपऱ्यात बसला होता. बाळाचं डोकं त्याच्या तळव्यावर होतं. कपाळावर घाम.

"आई, तू घे तिला," तो म्हणाला. "तिचा मान... अगदीच सॉफ्ट आहे. मला नाही जमणार."

ताई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने हात पुढे केले नाहीत. "सगळ्यांना अशीच भीती वाटते," ती म्हणाली. "मलाही वाटली होती तुझ्या वेळी. बरोबर धरलंयस. बस तसाच."

तो तसाच बसून राहिला. बराच वेळ. बाळ झोपून गेलं, पण त्याने हात काढला नाही.