सोपानमामाचं हापिस

माझा मामा गावाशी जन्मभर खोटं बोलला.

आज सकाळी गावी, ताडकळसला, तो वारला.

मेंढ्या राखणाऱ्या आमच्या घरातला सोपानमामा पहिला नोकरदार. मुंबईत, फोर्टातल्या एका जुन्या उंच बिल्डिंगमध्ये 'सायेब' होता. बिल्डिंग आजोबांच्या तरुणपणातली, पण मामा तिचं कौतुक असं करायचा की जणू त्यानंच बांधली.

मला मुंबईत नोकरी लागली तेव्हा आई पोचवायला आली. भावाचं हापिस बघायचंच, असा तिचा हट्ट.

मामा रोज टाळायचा. आज मीटिंग, उद्या ऑडिट.

शेवटी आम्ही न सांगताच गेलो.

लिफ्टचं दार उघडलं. आत स्टुलावर, खाकी युनिफॉर्ममध्ये, मामा.

त्याचं तोंड एवढं उतरलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"अक्का, मी सायेब न्हाई. लिफ्ट चालवतो. गावात नकू सांगू."

आई खाली वाकली आणि चपला काढून दाराबाहेर ठेवल्या.

आमच्या मागे टायवाल्यांची लाईन. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अक्का, हितं कुनी चपला काढत न्हाई गं!"

"हितं तुझं पोट भरायलंय. चपला घालून कशी येऊ?"

मामानं आम्हाला आत घेतलं आणि दार ओढलं. लाईन बाहेरच राहिली. मधल्या मजल्यांवरून घंट्या वाजत होत्या, पण पठ्ठ्यानं लिफ्ट कुठेच थांबवली नाही. थेट टॉप फ्लोअर.

वर खिडकीतून समुद्र दिसत होता. आईला त्याचं काहीच नव्हतं.

"आपलं ताडकळस कुन्या अंगाला रं?"

मामानं हात करून दाखवलं. मग दोघं बहीणभाऊ समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. मामा ढसाढसा रडला.

आईनं हे कुणाला सांगितलं नाही. अगदी बाबांनाही नाही.

आज दारात जमलेले सगळे म्हणत होते, "सायेब गेले."

आता आई माझ्या शेजारी येऊन बसलीय.

"मोबाइलवर मामाचं लिहायलीस का?"

"हो."

"मग खरं लिही. त्यो होता तवर त्याचा शबूद राखला. आता लिही. मी लिफ्टवाल्याची बहीण हाय, कळू दे समद्यांला."

लिहिलं, आई.

सोपानमामा, लिफ्टमन.
तुझ्या भाचीचा तुला शेवटचा नमस्कार.