लिफ्टमधलं गाऱ्हाणं

त्याला सगळे ‘वरखाली’ म्हणायचे. कायदे करणाऱ्यांच्या त्या भल्यामोठ्या इमारतीत तो सदस्यांची लिफ्ट चालवायचा. मोठ्या लोकांच्या लिफ्टला माणूस लागतोच. स्वतः बटण दाबायचं म्हणजे बोटांना केवढे कष्ट! निळा गणवेश, कोपऱ्यात लोखंडी स्टूल आणि तोंड बंद, असं त्याने अर्धं आयुष्य काढलं.

तोंड उघडलं ते लेकीपायी. पोरगी शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं की तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. गोड सोडून, फिरून, पळून आटोक्यात येणारा हा मधुमेह नव्हे. जन्मभर रोज सुई टोचायची. नाही टोचली तर पोरगी हातची जाणार. इमारतीतल्या कर्मचाऱ्यांच्या दुकानात त्याला इन्सुलिन निम्म्या भावात मिळायचं, तरी महिनाअखेर नाकी नऊ यायचे. बाहेरच्या भावाचं तर नावच नको.

लेक भारी खट्याळ. “बाबा, मी म्हणजे तुमची सगळ्यात महागडी हौस,” म्हणायची आणि बापाची पाठ वळली की सुईत औषध कमी भरायची. एकदा त्याने ते पाहिलं. रागावणार होता, पण खिशातले उरलेले पैसे मोजत बसला.

इन्सुलिनच्या किमतीला लगाम घालावा, मधुमेहाच्या संशोधनाला पैसा द्यावा, असा एक ठराव आरोग्य समितीपुढे धूळ खात पडलाय, हे त्याने लिफ्टमध्येच ऐकलं होतं. मग काय, दार बंद झालं की हा सुरू. “साहेब, तेवढं इन्सुलिनचं मनावर घ्या ना. लेकीचा प्रश्न आहे.” चौथा मजला येईपर्यंत साहेब जातात कुठे! कुणी “बघू, बघू” म्हणालं. एक बाई लेकीचा फोटो बघून डोळे पुसत उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही. वरिष्ठांनी दम दिला, तरी पठ्ठ्या हटेना. समितीच्या अध्यक्षांचं तर त्याने डोकं खाल्लं. ते लिफ्टमध्ये शिरतानाच बंद फोन कानाला लावून “हो हो” करायला लागले.

शेवटी अध्यक्षांनी जिना धरला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही धरला. एका बापाचं चार मजले ऐकून घेण्यापेक्षा यांना धापा टाकणं परवडलं! वरखाली रिकाम्या लिफ्टच्या दारात उभा राहून त्यांना घाम पुसताना बघायचा. तरी त्याने आशा सोडली नाही. ऐकवेना म्हणून पळतात, म्हणजे कुठेतरी लागलंय, असं तो लेकीला सांगायचा.

आणि खरंच निरोप आला. ठराव चर्चेला येतोय, अध्यक्षांनी तुला मुलीसकट वर प्रेक्षकांत बसायला बोलावलंय. त्याने ठेवणीतला शर्ट घातला. लेकीने केसांना रिबन लावली. तिचं तोंड सुकलेलं होतं, सारखी पाणी मागत होती. पण आज घरी थांब म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

अध्यक्ष उठले. म्हणाले, “मलाही मधुमेह आहे. पण आपल्या लिफ्टवाल्याच्या कृपेने मी जिने चढू लागलो, साखर ताळ्यावर आली, गोळी अर्धी झाली! औषधांवर पैसा कशाला उधळायचा? संशोधन व्हायचं ते या जिन्यावर झालंय. उभा राहा रे, सगळ्यांना दिसू दे.”

हुकूम ऐकायची सवय. वरखाली उभा राहिला, त्याने हातही जोडले. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या टाळ्यांतच ठराव फेटाळला गेला. शिवाय अध्यक्षांनी जाहीर केलं, “सदस्यांच्या तब्येतीसाठी ही लिफ्ट आजपासून बंद.” पुन्हा टाळ्या. लिफ्ट बंद म्हणजे नोकरी बंद, आणि नोकरी गेली की ते निम्म्या भावाचं दुकानही गेलं. हे त्या सभागृहात फक्त दोघांना कळलं. लेकीने त्याचा शर्ट ओढला आणि हळूच म्हणाली, “बाबा, बसा आता.”

परतताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवरच बसली. श्वास जोरजोरात चालला होता. मागून अध्यक्ष चारचौघांसह उतरत होते. त्यांनी तिच्या गालावर टिचकी मारली. “अगं, या वयात अशी बसतेस? चढ-उतार कर, ठणठणीत होशील!”

“साहेब, तिला...” तो म्हणेपर्यंत मंडळी पुढे गेली होती. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने अंग चोरून त्यांना वाट दिली होती, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

“बाबा, लिफ्टने नाही का जाता येणार?”

“बंद केली गं.”

त्याने तिला पाठुंगळीला घेतलं. मोठी झालेली पोर, आपल्याला झेपेल का, म्हणून त्याने आधी कठडा घट्ट धरला होता. पण ती इतकी हलकी झाली होती की त्याला कठड्याची गरजच लागली नाही. तो जिन्यातच ढसाढसा रडायला लागला.