देवापेक्षा खाली बसणारी आक्का

गणपतीचे डोळे रेखायला आक्का कधी स्टुलावर बसली नाही. मूर्ती उंच पाटावर ठेवायची, आपण जमिनीवर मांडी घालायची आणि मान वर करून कुंचला चालवायची. बुबुळ भरलं की मूर्तीला विचारायची, "दिसतंय का रे मी?" मगच पुढची मूर्ती.

मी खांब गावची, लग्न होऊन पेणला आले. गणपतीच्या कारखान्यात माझ्याकडे पीतांबर रंगवायचं काम होतं. चौथी शिकलेली, त्यात बुजरी. आक्का म्हणायची, "हिला माणसांकडं बघवत नाय. देवाकडं तरी बघ गो."

आमच्या मूर्ती अमेरिकेत जायच्या. तिथले व्यापारी मूळचे आपल्याकडचेच. मग तिथल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर वाढवला. व्यापारी म्हणाले, बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती पाठवा; किंमत कमी, म्हणून करही कमी. रंग आम्ही इकडे देऊ. त्यासाठी त्यांनी तिथली एक बाई ठेवली. ती आधी कपड्यांच्या कंपनीत होती. बाहेरून स्वस्त कपडे येऊ लागले आणि ती कंपनी बंद पडली.

"म्हणजे आपलं काम तिनं नेलं," माझ्या शेजारी बसणारी मालती म्हणाली.

"तुझी सून शर्ट शिवायच्या कंपनीत जाते ना गो? ते शर्ट कोण घालतं?" आक्काने विचारलं.

पण तिथे रंगवलेल्या मूर्ती कोणी घेईना. कारखान्याच्या शेठनी आम्हाला त्या फोनवर दाखवल्या. सगळे गणपती छताकडे बघत होते. बाई उभी राहून डोळे रेखत होती, म्हणून देव मान वर केल्यासारखे तिच्याकडे बघत होते.

"आक्का, हिला डोळ्यांची आखणी शिकवा," व्यापारी व्हिडिओ कॉलवर म्हणाले.

मालतीने आक्काचा हात धरला. "नको शिकवू. तिला जमलं की आपल्याला कायमचा नारळ."

आक्काने हात सोडवला. मग म्हणाली, "असले देव विकले नाय, तर उद्या पांढरे पण कोण मागवील? फोन खाली ठेव गो."

मी फोन जमिनीवर विटेला टेकवला. आक्काने जमिनीवर हात थोपटला, बस म्हणून. फोनमध्ये पिकल्या केसांची ती बाई गुडघे धरत धरत बसली. आक्काने आपलेही गुडघे दाखवले. दोघी हसल्या. तिसऱ्या मूर्तीची नजर खाली आली, तेव्हा ती बाईही आपल्या भाषेत मूर्तीला काहीतरी विचारू लागली.

ऑर्डर टिकली. रंगकाम मात्र निम्मं झालं. मालतीला कुंचला सोडून मूर्ती घासायला बसावं लागलं. महिनाभर आक्का तिच्यासमोर चहा ठेवायची. ती प्यायची, पण बोलायची नाही. इथल्या घरांसाठीच्या मूर्तींची आखणी आक्काने हळूहळू मला दिली. "हात थरथरला तरी चालंल, नजर हलवू नको."

गेल्या थंडीत आक्का वारली. पुढे तिकडून पुन्हा व्हिडिओ कॉल आला. आखणीचं काही अडलं तर आता कोणाला विचारायचं, असं व्यापारी शेठना म्हणत होते. शेठ बोलायच्या आत मी म्हटलं, "मला विचारा."

सगळा कारखाना माझ्याकडे बघत होता. फोनमध्ये ती बाई गुडघे धरून खाली बसली. मीही मांडी घातली.